हंसलों म्हाताऱ्याला, सवाल राहिला बाजूला

(दिंडोशी येथील सभेंत झालेलें भाषण)



आम्ही खेड्यांतले शाळामास्तर. आम्हांला वर्गांत बोलण्याची संवय, सभेंत बोलण्याची नाहीं. वर्गांत एखादें पोर आडवा सवाल विचारतें, तेव्हां बाकीचीं पोरें त्याच्या फाटक्या सदऱ्याकडे पाहून हंसतात. आणि खरें सांगावयाचें तर मास्तरहि कधीं कधीं त्या हंसण्यांत सामील होतो, कारण सवालाचें उत्तर मास्तरास येत नसतें. ही लबाडी आमच्या घरचीच आहे, म्हणून आज तिच्यावर बोलण्याचा आम्हांला थोडा अधिकार आहे असें समजा.

इथें येतांना आम्ही जनरल अरुणकुमार वैद्य मार्गानें आलों. या सेनापतींना १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही लढायांत महावीरचक्र मिळालें, आणि १९८६ सालीं पुण्यांत भर रस्त्यावर त्यांना गोळ्या घालून मारलें. त्यांचें नांव रस्त्याला दिलें हें उत्तम झालें. पण दगडी पाटीवर नांव सेनापतीचेंच येतें. बर्फांत ज्याच्या पायांचीं बोटें झडलीं त्या शिपायाचें नांव पाटीवर येत नाहीं. त्या शिपायाच्या पायांत बूट कसले आहेत, अशा तऱ्हेची चौकशी करणाऱ्या एका म्हाताऱ्याला याच तुमच्या मतदारसंघानें हंसून हंसून घरीं पाठविलें होतें. ती गोष्ट १९६२ सालच्या फेब्रुवारीची.

तरुण मंडळींस ती ठाऊक नसेल. त्या काळीं दिंडोशी म्हणजे मुंबईचें टोंक. मालाड-गोरेगांवचा हा भाग मुंबई महापालिकेंत आला तो १९५७ सालीं. शेजारीं आरे दूध वसाहत, मागें डोंगर आणि जंगल, इकडे भातशेती, तिकडे दगडखाणी. आमच्या गांवचीं दोन-चार घरें या खाणींवर पोटासाठीं आलेलीं होतीं. त्यांत आमचे एक चुलत आजोबा होते. दगड फोडणें हा त्यांचा धंदा. त्यांच्या तोंडून ही हकीकत आम्हीं लहानपणीं अनेक वेळां ऐकली, आणि दर वेळीं ती सांगतांना ते शेवटाला गप्प होत. कां गप्प होत तें पुढें सांगतों.

उत्तर मुंबईच्या लोकसभेच्या जागेसाठीं दोन बडे पुढारी उभे होते. एक व्ही. के. कृष्ण मेनन, संरक्षणमंत्री, काँग्रेसचे उमेदवार. दुसरे आचार्य जे. बी. कृपलानी. कृपलानींचा जन्म १८८८ चा, सिंधमधल्या हैदराबादचा. शिक्षण आपल्या पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत. १९१७ सालीं गांधी चंपारणांत गेले, तेव्हां हे मुझफ्फरपूरच्या कॉलेजाशीं संबंध असलेले प्राध्यापक त्यांच्या मदतीस धांवले. देश स्वतंत्र झाला त्या वेळीं काँग्रेसचे अध्यक्ष हेच होते. १९५१ सालीं त्यांनीं काँग्रेस सोडली. म्हणजे निवडणुकीच्या वेळीं गृहस्थ त्र्याहत्तर वर्षांचे, अंगानें काटकुळे, केंस लांब, जीभ मात्र वस्तऱ्यासारखी.

ती जीभ त्यांनीं ११ एप्रिल १९६१ रोजीं लोकसभेंत चालविली होती. चीननें आपला बारा हजार चौरस मैल मुलूख घेतला आणि आपण एक गोळीहि झाडली नाहीं, असें त्यांनीं मेननसाहेबांच्या तोंडावर सांगितलें. लष्करांत गट पाडले, अंमलदारांचा धीर खचविला, देशाच्या रक्षणाची तयारी नाहीं, असे आरोप केले. आतां बारा हजार चौरस मैल म्हणजे केवढा मुलूख हें खाणीवरच्या माणसाला कसें कळावें? आपला अख्खा सातारा जिल्हा घेतला तरी तो त्याच्या निम्म्यासहि पुरत नाहीं.

अशा माणसाला उत्तर काय द्यावयाचें? उत्तर देण्यासारखें पुष्कळ होतें, हें आम्ही मुद्दाम सांगतों. कृपलानी कांहीं संत नव्हते. लष्करावरचा खर्च वाढतो आहे, हें गांधींच्या आत्म्याला रुचणार नाहीं, असा खेद याच गृहस्थांनीं कांहीं वर्षें आधीं लोकसभेंत व्यक्त केला होता. मग त्यांना सरळ विचारावयाचें होतें, आचार्य, त्या वेळीं खर्च नको म्हणालांत आणि आतां तयारी कां नाहीं म्हणतां? त्यांच्या पाठीशीं कोण उभे होते हेंहि विचारावयाचें होतें. प्रजासमाजवादी होते ते एक असोत, पण स्वतंत्र पक्ष होता, जनसंघ होता. संस्थानिक, जमीनदार, शेटजी आणि भटजी यांची ही दाटी कोणत्या गरिबाच्या कल्याणासाठीं झाली होती, हा सवाल रास्त होता, आणि आमच्यासारख्याला तर तो पहिल्यांदा सुचतो.

मेनन यांचीहि बाजू होती. शस्त्रांचे कारखाने देशांत उभारावे, परक्यांच्या दारांत बंदुकीसाठीं उभें राहूं नये, हा त्यांचा आग्रह खोटा नव्हता. त्यांनीं पैसा मागितला तेव्हां अर्थखात्यानें हात आंखडला होता. काश्मीरच्या बाबतींत १९५७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत हा माणूस जवळजवळ आठ तास बोलला होता. आणि निवडणुकीच्या दोनच महिने आधीं, १८ व १९ डिसेंबर १९६१ रोजीं, गोवा मोकळा झाला होता. त्या लढाईचें श्रेय संरक्षणमंत्र्यांस मिळणारच.

हें सगळें बाजूला राहिलें. सभांतून काय चाललें? आमचे आजोबा सांगत, खाणीच्या वाटेवर पेट्रोमॅक्सच्या बत्तीखालीं सभा व्हायची, आणि एक नकल्या वक्ता पाठीला बांक काढून, काठी टेकीत टेकीत म्हातारा चालवून दाखवायचा. "वारा सुटला तर उडून जाईल, ह्याला चीनच्या सरहद्दीवर कोण नेतो!" असें म्हटलें कीं मंडळी लोळत. बायको काँग्रेसमध्यें आणि नवरा काँग्रेसच्या विरोधांत, मग ह्याच्या घरींच तह नाहीं तर देशाचा तह काय करणार, हा दुसरा विनोद. सुचेताबाई त्या वेळीं काँग्रेसमध्यें होत्या हें खरें; पण बायको नवऱ्याच्या पक्षांत नाहीं यांत हंसण्यासारखें काय आहे? जोतीरावांच्या नांवानें चळवळ चालविणाऱ्यांनीं तरी त्याला हंसूं नये. सिंधी म्हातारा मुंबईंत कशाला, हा तिसरा. मेनन मलबारचे, ते मुंबईंत कशाला, हें कोणी विचारलें नाहीं, कारण ते आपल्या पक्षाचे.

समोरचे तरी कमी होते काय? ते मेनन यांच्या काठीला, इंग्रजीला आणि उद्दामपणाला हंसत. दारूगोळ्याच्या कारखान्यांत कॉफी करण्याचीं यंत्रें तयार होतात, ही त्यांची आवडती थट्टा. वर्तमानपत्रें वांटलीं गेलीं होतीं. ब्लिट्झ मेननच्या बाजूनें, करंट कृपलानीच्या बाजूनें. पंडित नेहरू स्वतः प्रचारास आले. मेननला पाडणें म्हणजे माझें धोरण पाडणें, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. दिलीपकुमार आले. आतां सांगा, एका अंगाला नेहरू आणि दिलीपकुमार उभे असतां खाणीवरचा माणूस चौरस मैलांचा हिशेब कशाला करील? आमच्या आजोबांचें गणित तर याहूनहि सोपें होतें. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, म्हणजे आपला कुणब्याचा पोर. त्यांच्या पक्षाचा उमेदवार तो आपला उमेदवार. त्याच्याविरुद्ध जो बोलेल त्याला हंसावयाचें. बहुजन समाजानें पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याचें हंसणें सोसलें होतें, आतां हंसण्याची पाळी आपली आली होती. त्याची चव गोड लागते, बंधूंनो. आम्ही त्यांना दोष देत नाहीं. आम्ही तिथें असतों तर आम्हीहि हंसलों असतों.

निकाल लागला. मेनन जवळजवळ दीड लाख मतांनीं निवडून आले. गुलाल उधळला. हा झाला फेब्रुवारी.

ऑक्टोबरच्या १२ तारखेला मद्रासच्या विमानतळावर नेहरूंनीं सांगितलें कीं, आपला मुलूख मोकळा करण्याचा हुकूम लष्कराला दिला आहे. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहांटे चीननें नेफांत आणि लडाखांत एकाच वेळीं हल्ला केला. नामका चू नांवाच्या ओढ्याकांठीं आपली एक ब्रिगेड होती. ती कांहीं तासांत मोडली. तिचे अंमलदार ब्रिगेडियर जॉन दळवी कैद झाले. सुटून आल्यावर त्यांनीं १९६९ सालीं पुस्तक लिहिलें, त्यांत सगळें आहे. सपाट मुलखांतून घाईघाईनें उचलून चौदा-पंधरा हजार फुटांच्या थंडीवाऱ्यांत नेलेले जवान, अंगांत सुती कपडे, पायांत कॅनव्हासचे बूट, हातांत महायुद्धाच्या काळची दर वेळीं खटका ओढावा लागणारी थ्री-नॉट-थ्री बंदूक, आणि विमानांतून टाकलेला निम्माशिम्मा माल दरींत. महिन्याभरांत १,३८३ जवान मेले, जवळजवळ सतराशे बेपत्ता झाले, आणि चार हजारांच्या आंतबाहेर कैद झाले. त्यांत शेतकऱ्याचे किती, कुंभार-लोहाराचे किती, ही वेगळी यादी कोणी केलेली नाहीं. करण्याची गरजहि नाहीं. पलटणींत शिपाई म्हणून कोण जातो हें तुम्हांला ठाऊक आहे.

आमच्या त्या चुलत आजोबांचे धाकटे भाऊ नेफांत होते. चोवीस वर्षांचें वय. कैद झाले नाहींत, भूतानच्या बाजूनें डोंगर उतरून चालत चालत परत आले. डाव्या पायाचीं तीन बोटें बर्फानें नेलीं. गांवीं आले तेव्हां थोरल्यांनीं दिंडोशीहून रजा काढून त्यांची भेट घेतली. धाकट्यांनीं पाय पुढें केला आणि विचारलें, "दादा, तुमच्या तिकडं इलेक्शनला कोण एक म्हातारा ह्याच गोष्टी बोलत व्हता म्हणं. तुम्ही कुणाला मत दिलं?" इथें आमचे आजोबा गप्प होत.

मेनन यांनीं ३१ ऑक्टोबरला संरक्षणखातें सोडलें आणि ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळांतूनहि गेले. त्यांच्या जागीं यशवंतरावांना दिल्लीस बोलाविलें. हिमालयाच्या मदतीला सह्याद्रि धांवला, असें लोक अभिमानानें म्हणूं लागले, आणि अभिमान वाटण्यासारखें तें होतेंच. देवराष्ट्र्याच्या विधवा आईचा मुलगा देशाच्या फौजेचा कारभारी झाला. गांवोगांव बायाबापड्यांनीं अंगावरचें किडुकमिडुक संरक्षणनिधींत घातलें. आमच्या आजीनें कानांतलीं फुलें दिलीं. पावती घरांत अजून आहे.

पण पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. २ सप्टेंबर १९६३ रोजीं याच यशवंतरावांनीं नेफाच्या चौकशीबद्दल लोकसभेंत निवेदन केलें. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या अंमलदारांचा मूळ अहवाल सरकारनें दशकानुदशकें कुलपांत ठेवला, म्हणून त्यांतलें जें सांगण्यासारखें वाटलें तेंच चव्हाणांनीं सांगितलें. पण तेवढेंहि पुरेसें आहे. बंदुका चिनी बंदुकांच्या तोडीच्या होत्या असें ते म्हणाले, आणि हें मेनन यांच्या बाजूचें आहे, तें आम्ही लपवीत नाहीं. मात्र एकंदर साहित्याचा तुटवडा होता, शिक्षणालाहि आणि प्रत्यक्ष लढाईंतहि. डोंगरांतल्या लढाईचें शिक्षण आपल्या लोकांना पुरेसें मिळालें नव्हतें. उंचावरच्या हवेची संवय होऊं न देतां त्यांना वर नेलें. कित्येक वेळां माल देशांत होता, सपाटीवर शेवटच्या ठाण्यापर्यंत पोंचलाहि होता. पण तेथून विमानानें, खेंचरानें किंवा हमालाच्या पाठीवरून आघाडीच्या जवानापर्यंत तो वेळेवर गेला नाहीं. म्हणजे कृपलानींच्या सवालाला अखेर उत्तर मिळालें, आणि तें आमच्याच कुणब्याच्या पोरानें प्रामाणिकपणें दिलें. फक्त तें एकोणतीस महिने उशिरा मिळालें.

कृपलानींचें काय झालें? १९६३ च्या मे महिन्यांत ते उत्तरप्रदेशांतल्या अमरोह्याहून पोटनिवडणुकींत निवडून आले आणि त्याच ऑगस्टमध्यें त्यांनीं नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र हिंदुस्थानच्या लोकसभेंतला हा पहिला असा ठराव. चार दिवस चर्चा झाली. ठरावाला मतें पडलीं ६२, विरुद्ध ३४७.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावीत आहां, कारण इथपर्यंत गोष्ट दुसऱ्यांची आहे. काँग्रेसची, कम्युनिस्टांची, दिल्लीची. आतां आपल्या घरांतली सांगतों. कांहीं मंडळींस राग येईल. यावा.

१० जून १९१८. मुंबईचा टाऊन हॉल. जर्मन युद्ध चाललेलें. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं युद्धपरिषद बोलाविली होती. सरकारला माणसें पाहिजेत, पैसा पाहिजे. गव्हर्नरसाहेबांनीं सुरुवातीलाच होमरूलवाल्यांना चार शब्द सुनावले. मग टिळक उठले. वय एकसष्ट, मंडालेची सहा वर्षांची शिक्षा भोगून आलेले. राजनिष्ठा आम्हांला मान्य आहे, पण घराचें रक्षण करावयाचें तर घराचा कारभारहि आमच्याकडे पाहिजे, असें त्यांचें बोलणें सुरूं होतांच गव्हर्नरांनीं मध्येंच थांबविलें. राजकारण इथें नको, म्हणाले. टिळक उठून बाहेर पडले, केळकरहि निघाले.

त्या सुमारास टिळकांनीं गांधींना पन्नास हजार रुपयांचा चेक पाठविला. हिंदी माणसाला लष्करांत अंमलदाराची सनद मिळेल असें वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रांतून पांच हजार माणसें देतों, न दिलीं तर हा पैसा दंड समजा. गांधींनीं चेक परत केला. मदत करावयाची तर सौदा करूं नये, असें त्यांचें मत.

आतां टिळकांविषयीं आमचें मत तुम्हांला ठाऊक आहे. तेल्या-तांबोळ्यांनीं, धोब्यांनीं कायदेकौन्सिलांत जाण्याची इच्छा कशाला धरावी, असें टिळक १९१८ सालीं सोलापूरच्या सभेंत बोलले, हें डॉ. आंबेडकरांनीं लिहून ठेवलें आहे. वेदोक्ताच्या प्रकरणांत ते शाहू छत्रपतींच्या विरुद्ध उभे राहिले. ज्यानें आमच्या बापजाद्यांना हातांत तागडी आणि नांगर धरून गप्प बसावयास सांगितलें, त्याचें तोंड गव्हर्नर भर सभेंत बंद करतो, तर आमच्या लोकांना उकळ्या फुटल्या नसतील तर नवल. बसला भटाच्या पागोट्याला टोला, हा आनंद. होमरूल म्हणजे पेशवाई परत आणण्याचा डाव, असें आमचे लोक सभांतून सांगत होते. शाहू महाराज सैन्यभरतीला मोठें साहाय्य करीत होते, आणि त्यालाहि कारण होतें. पलटणींत गेलेल्या कुणब्याला रोख पगार, पेन्शन, लिहिण्यावाचण्याची तोंडओळख आणि गांवांत मान मिळत असे. शेंडीवाल्याच्या स्वराज्यांत यांतलें काय मिळणार, हें कोणी सांगत नव्हतें.

इतकें सगळें आम्हांला मान्य आहे. आणि तरी आम्ही विचारतों, टिळकांचा सवाल काय होता? माणसें आमचीं, तर हुद्दा कोणाचा? हा सवाल खोटा होता काय?

त्याच्या एकच वर्ष आधीं, १९१७ च्या जूनमध्यें, विलायत सरकारनेंच नेमलेल्या कमिशनचा मेसोपोटेमियाच्या मोहिमेवरचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. जखमी शिपायांना औषध नाहीं, वाहन नाहीं, उघड्या होड्यांत घाणींत पडून ते नदीवरून खालीं आले, असें त्यांत होतें. त्या अहवालापायीं विलायतेंत हिंदुस्थानखात्याचे मंत्री चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. हे जखमी कोण होते? पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्यें मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमाराला त्या जवळजवळ पांच महिने वेढ्यांत अडकल्या, उपाशी राहिल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या. मग तुर्कांनीं त्यांना उन्हांतून पायीं चालविलें. तिकडून किती परत आले तें विचारूं नका. आमच्या साताऱ्याकडे अपशिंगे म्हणून गांव आहे, त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. त्या एका गांवचे सेहेचाळीस जण त्या युद्धांत पडले. त्यांच्यावर हुकूम चालविणारा अंमलदार गोरा. त्यांच्यांतला मोठ्यांत मोठा सुभेदार-मेजर झाला तरी काल आलेल्या गोऱ्या पोरानें त्याच्यावर हुकूम करावा.

म्हणजे टिळकांचा सवाल टिळकांपेक्षां आमचा अधिक होता. अपशिंग्याच्या बायकांचा होता. त्या सवालाला आमच्याकडे खरें उत्तरहि होतें, आणि ही खरी खंत आहे. आम्हांला असें म्हणतां आलें असतें कीं, टिळक महाराज, हुद्दा हिंदी माणसाला मिळावा हें कबूल. पण हिंदी म्हणजे कोण? सनद मिळेल ती सदाशिव पेठेंतल्या ग्रॅज्युएटाला कीं अपशिंग्याच्या शिपायाच्या पोराला? महाराला पलटणींत घेणें सरकारनें १८९० नंतर बंद केलें, तेव्हां गोपाळबाबा वलंगकरांनीं अर्ज लिहिले, सुभेदार रामजी आंबेडकरांनीं खटपट केली. त्या दिवशीं आपण कोठें होतां? युद्धांत माणसें कमी पडलीं म्हणून १९१७ सालीं महारांची १११ वी पलटण उभी केली, आणि काम होतांच १९२१ मध्यें मोडून टाकली. हुद्द्याचा सवाल विचारावयाचा तर इथपासून विचारावयास पाहिजे होता. विलिंग्डनपुढें एक सवाल टिळकांनीं टाकावा आणि दोन सवाल आम्हीं टाकावे, अशी ती वेळ होती.

तें झालें नाहीं. सरकारनें सँडहर्स्टमध्यें वर्षाला दहा हिंदी मुलें घेण्याचें ठरविलें, आणि त्या दहांत कुणबी किती व महार किती, हें विचारण्याची संवयच आमच्या पक्षाला लागली नाहीं, कारण ज्यानें तो विषय काढला त्याचें पागोटें आम्हांला आवडत नव्हतें. नाहीं तरी जोतीरावांचें उदाहरण आमच्यापुढें होतें. १८८८ सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेषांत गेले आणि जरीच्या अंगरख्यांच्या त्या सभेंत राजपुत्राला सांगितलें कीं खरी रयत हे लोक नव्हेत. तेथें त्यांच्या घोंगडीला हंसणारे कोण होते, हें आम्हांला पाठ आहे. मग दुसऱ्याच्या पागोट्याला हंसतांना तें आठवावयास नको होतें काय?

एक गोष्ट राहिली. मेनन यांचें पुढें काय झालें तें सांगितलेंच पाहिजे. १९६७ सालीं काँग्रेसनें त्यांना मुंबईंत तिकीट दिलें नाहीं. ते अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे, आणि प्रचारांत आतां मेनन परप्रांतीय ठरले. पांच वर्षांपूर्वीं हाच माणूस परका नव्हता. मेनन पडले. बर्वे लगेच वारले, त्यांची बहीण ताराबाई सप्रे उभी राहिली, तिच्यापुढेंहि मेनन पडले. आमचे आजोबा त्या वेळींहि दिंडोशींतच होते. त्याच वाटेवर सभा झाली, आणि एका वक्त्यानें मेनन यांची काठी टेकीत चालण्याची नक्कल करून दाखविली. ती नक्कल पांच वर्षांमागच्या नकलेसारखीच होती, असें आजोबा म्हणत. फक्त म्हातारा बदलला होता. ते त्या सभेंतून उठून घरीं आले. त्यानंतर ते निवडणुकीच्या सभेला गेले नाहींत. मतदान मात्र दर वेळीं करीत, आणि कोणाला केलें तें घरांत कोणालाहि सांगत नसत.

धाकटे आजोबा आमच्या लहानपणीं गांवींच होते. त्यांना नीट चालतां येत नसे, म्हणून ते शाळेच्या ओट्यावर बसून सुतळ्या वळीत. पोरें त्यांच्या लंगडण्याची नक्कल करीत. आम्हीहि एकदां केली होती.

अध्यक्षमहाराज घड्याळ दाखवीत आहेत. टिळकांचें नांव निघतांच मागच्या रांगेंतले जे गृहस्थ उठून उभे राहिले होते, ते अजून उभेच आहेत. अध्यक्षांनीं आमची उरलेलीं पांच मिनिटें त्यांना द्यावीं, अशी आमची विनंती आहे. या, दादा, पुढें या. आम्ही खालीं बसतों.